गाठ सुटली की कापली? विज्ञानमालिकांच्या शेवटांवर वाचकांची प्रश्नोत्तरं

या वेळच्या प्रश्नोत्तरांत विज्ञानमालिकांच्या शेवटच्या भागांवरची पत्रं घेतली आहेत. ‘डार्क’, ‘लॉस्ट’, ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’, ‘सेव्हरन्स’ आणि ‘एक्स्पान्स’ या मालिकांचे शेवट खाली सरळ उघड केले आहेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी तेवढं उत्तर सोडून पुढे जावं. पत्रं जवळपास सगळी पुण्यातली आहेत, त्यामुळे ‘काय आवडलं’पेक्षा ‘काय चुकलं’चा भरणा जास्त आहे.

प्रश्न: ‘डार्क’चा तिसरा सीझन संपतो तेव्हा दोन्ही जगं विरून जातात. म्हणजे २६ भागांत जे घडलं ते घडलंच नाही. ही प्रेक्षकाची फसवणूक नाही का? दुसरं, दर ३३ वर्षांनी चंद्र-सूर्याचं चक्र जुळतं असं मालिका म्हणते. आमच्याकडे तर वाढदिवसाची तिथी आणि तारीख १९ वर्षांनी जुळते. मग बरोबर कोण? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: आधी पंचांगाचं बघू, कारण तिथे भांडण नाहीच. तुमचे १९ बरोबर आणि मालिकेचे ३३ सुद्धा. मोजायची रीत वेगळी. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास बसतात. दिवसांत मांडलं तर ६,९३९.६० आणि ६,९३९.६९, म्हणजे फरक जेमतेम दोन तासांचा. पण या २३५ मध्ये सात अधिक महिने धरलेले आहेत: १९ गुणिले १२ म्हणजे २२८, वर सात. अधिक महिना धरायचाच नाही, निव्वळ बारा-बारा महिन्यांची चांद्र वर्षं मोजत जायची असं ठरवलं, तर वर्षाला सुमारे ११ दिवस मागे पडतात आणि ३३ सौर वर्षांत ३४ चांद्र वर्षं भरतात. तिथे १२,०५३ दिवसांसमोर १२,०४८.५ दिवस येतात. मोहरम पावसाळ्यातून उन्हाळ्यात, उन्हाळ्यातून थंडीत सरकत साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो, तो याच हिशेबानं. साडेचार दिवसांचा फरक पंचांगकर्ता खपवून घेणार नाही. १९ चा मेळ कितीतरी नेमका आहे. पण कथेला ३३ च सोयीचे. १९५३, १९८६, २०१९ या टप्प्यांत मुलाचा बाप होतो आणि बापाचा आजोबा. १९ वर्षांत ते बसवताना ओढाताण झाली असती.

आता फसवणुकीचं. विज्ञानमालिकेचा शेवट तपासताना आम्ही तीन गोष्टी बघतो. मालिकेनं स्वतः घातलेला नियम कधी सांगितला? तो किती वेळा पाळून दाखवला? आणि शेवटी मोडला असेल, तर त्याची किंमत कोणी मोजली? सगळी रहस्यं उलगडली की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. एखादं रहस्य तसंच राहिलं तरी शेवट टिकतो. नियम फुकटात मोडला की पडतो.

‘डार्क’ ही काळप्रवासाची मालिका आणि तिचा नियम एकच: जे झालं ते पुन्हा तसंच होणार. दोन सीझनभर तो इतक्या निर्दयपणे पाळलाय की थांबवायला गेलेला माणूसच घटना घडवून बसतो. दुसरं जग मात्र तिसऱ्या सीझनमध्ये अचानक आणलेलं नाही. दुसऱ्या सीझनच्या अखेरीला नायक योनाससमोर त्याच्या प्रेयसीची, मार्थाची, वेगळीच प्रतिमूर्ती येते आणि प्रश्न ‘कोणत्या काळातून’ असा नसून ‘कोणत्या जगातून’ असा आहे, हे तिथेच सांगून टाकते. घड्याळजी टानहाउस तर पहिल्या सीझनपासून समोर आहे. मुलगा, सून आणि नात १९७१ च्या अपघातात गेली, त्यांना परत आणायला त्यानं १९८६ मध्ये यंत्र चालू केलं आणि त्यातून मूळ जग फुटून दोन जगं झाली, एवढं सगळं त्या ओळखीच्या माणसावर बेतलंय. इथवर तक्रारीला जागा नाही.

जागा आहे ती पळवाटेत. प्रलयाच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो आणि त्या फटीत साखळी तोडता येते, ही गोष्ट पहिल्यांदा तिसऱ्या सीझनमध्येच कळते. काळप्रवास करणाऱ्या क्लॉडियानं ती शोधली म्हणून आपण मानायची. दुसऱ्या सीझनमध्ये याची नुसती चाहूल दिली असती तरी चाललं असतं. हा दोष खरा, आणि चाहते कितीही कानाडोळा करोत, तो राहतोच. किंमत मात्र पुरेपूर मोजलीय: अपघात टाळणारे योनास आणि मार्था स्वतःच पुसले जातात. आता अपघातच झाला नाही तर तो टाळायला आलं कोण, हा विरोधाभास उरतो. घटनाक्रमात विसंगती येईल असा काळप्रवास होऊच शकत नाही, अशी मांडणी रशियन भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव्ह यांच्या नावानं ओळखली जाते. ती लावली तर हा शेवट बाद होतो. मालिकेनं तो वाद सोडवलेला नाही, पण झाकलाही नाही. शेवटच्या जेवणाच्या प्रसंगात वादळानं दिवे जातात, योनासची आई हन्ना हिची नजर अडकवून ठेवलेल्या, योनास घालायचा तसल्या पिवळ्या रेनकोटवर खिळते, हे आधी पाहिल्यासारखं वाटतं असं ती म्हणते आणि पोटातल्या बाळासाठी नाव सुचवते ते योनास. घडलंच नाही म्हणता, मग तो रेनकोट तिला ओळखीचा का वाटावा?

प्रश्न: ‘लॉस्ट’मधले सगळे पहिल्या भागातच विमान अपघातात मेलेले असतात ना? घरात यावरून पैज लागली आहे. (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर: नाही. बेटावरचं सगळं खरोखर घडलं. मेल्यानंतरची जागा म्हणजे शेवटच्या सीझनमधलं ते समांतर आयुष्य. तिथे प्रत्येक जण आपापल्या वेळी मरून पोचलेला आहे. चर्चमध्ये नायक जॅकचे वडील हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगतात. गैरसमज पसरला तो २३ मे २०१० च्या प्रक्षेपणात श्रेयनामावलीखाली रिकाम्या किनाऱ्यावरचे विमानाचे अवशेष दाखवल्यामुळे. ती चित्रं वाहिनीनं जोडली होती, कथेचा भाग नव्हती. पैजेचे पैसे वसूल करा.

प्रश्न: ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’च्या पहिल्या सीझनच्या शेवटी तीनशे अणुबॉम्बची एवढी मोठी योजना एक दोर तुटला म्हणून वाया जाते. हा लेखकांचा आळस वाटला. दुसरा प्रश्न असा की, आपली खोडदची दुर्बीण असा परग्रहावरचा संदेश पकडू किंवा पाठवू शकेल का? (एक वाचक, वारजे)

उत्तर: आळस नाही. उलट त्या भागातली सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे.

योजना अशी: पृथ्वीकडे निघालेल्या परग्रहवासीयांच्या ताफ्याकडे एक यान धाडायचं. त्यासाठी मोठं शिड, त्याला दोरांनी टांगलेला छोटा डबा, आणि वाटेत आधीच ओळीनं ठेवलेले ३०० बॉम्ब. प्रत्येक बॉम्ब शिडाच्या मागे फुटतो आणि धक्का देतो. लक्ष्य प्रकाशवेगाच्या एक टक्का, म्हणजे सेकंदाला ३,००० किलोमीटर. भागाकार केलात तर एका बॉम्बमागे सरासरी सेकंदाला १० किलोमीटरची वाढ मिळायला हवी. तो धक्का समजा एक सेकंदभर विभागला गेला, तरी त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाच्या हजारपट होतं. असा एक हिसका दोरांनी सोसायचा आणि तो एकदा नाही, तीनशे वेळा. धक्का शिडाच्या मध्यावरच बसला पाहिजे. जरा बाजूला बसला तर शिड कलंडतं आणि एका बाजूचे दोर जास्त ताणले जातात. एक तुटला की पुढचा प्रत्येक धक्का कलणं वाढवत नेतो.

सावरता का येत नाही? कारण यानावर वळवायचं काही साधनच नाही. वजन वाचवायला तेच काढून टाकलेलं. शिवाय पुढचे बॉम्ब ठरलेल्या रेषेत आहेत. यान रेषेवरून हटलं की ते मागे फुटण्याऐवजी भलतीकडे फुटणार. वेळेचंही तसंच. यान सेकंदाला २,५०० किलोमीटर वेगानं जात असताना स्फोट सेकंदाच्या एक हजारांश भागानं चुकला, तर अडीच किलोमीटरचा फरक पडतो. आणि दिशेत एका अंशाची चूक राहिली, तर एक प्रकाशवर्ष गेल्यावर यान १६,५०० कोटी किलोमीटर बाजूला असेल. पृथ्वी-सूर्य अंतराच्या अकराशे पट.

अणुस्फोटांवर यान ढकलायची कल्पना अमेरिकेत १९५८ पासून ‘ओरायन’ नावानं खरोखर तपासली गेली. त्यात बॉम्ब वाटेत न ठेवता यानातूनच टाकायचे होते. १९६३ च्या करारानं अवकाशातल्या अणुस्फोटांवर बंदी आली आणि १९६५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. मालिकेत चूक काढायचीच असेल, तर ती सूर्याच्या बाबतीत काढा. सूर्यावर रेडिओ संदेश सोडला की तो कोट्यवधी पटींनी मोठा होऊन बाहेर पडतो, हे निव्वळ रचलेलं आहे. प्रत्यक्षात सूर्य रेडिओलहरींच्या बाबतीत गोंगाट करणारा शेजारी आहे; त्याच्या दिशेला असलेला क्षीण संदेश ऐकणं उलट अवघड होतं.

खोडदबद्दल. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मधोमध दाटीनं आणि बाकीच्या इंग्रजी ‘वाय’ आकारात सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. त्या फक्त ऐकतात, पाठवत नाहीत. संदेश त्यांच्या वारंवारितेच्या पट्ट्यात आला आणि नेमका त्या दिशेला कान असला, तर पकडता येईल. उत्तराची घाई मात्र करू नका: सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन साडेआठ वर्षं.

दोर तुटण्याच्या तुमच्या तक्रारीचं उत्तरही याच अँटेनांनी ऐकलंय. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपीय अवकाश संस्थेचं ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण रेडिओ संकेत खोडदहून टिपला जात होता. उतरायच्या जरा आधी तो थांबला. पुढे कळलं ते असं: पॅराशूट उघडल्यावर यान अपेक्षेपेक्षा जोरात हेलकावलं, फिरकी मोजणारं उपकरण सेकंदभर आपल्या कमाल आकड्यावर अडकलं आणि संगणकानं उंची काढली ती ऋण, म्हणजे जमिनीच्या खाली. आपण उतरलोच आहोत असं समजून त्यानं पॅराशूट सोडून दिलं, तेव्हा यान ३.७ किलोमीटर उंचीवर होतं. हे एखाद्या मालिकेत दाखवलं असतं, तर वारज्याहून नक्की पत्र आलं असतं.

प्रश्न: ‘सेव्हरन्स’च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी मार्क बायकोला दारापर्यंत आणतो आणि तिला बाहेर सोडून स्वतः आत पळतो. आमच्या कट्ट्यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो निर्दयी, दुसरा म्हणतो बरोबर केलं. (एक वाचक, औंध)

उत्तर: दोन्ही तट एकाच माणसाबद्दल बोलताहेत असं धरून चाललेत, तिथेच गाडी अडते. या मालिकेत कर्मचाऱ्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून ऑफिसातल्या आणि बाहेरच्या आठवणी वेगळ्या केलेल्या असतात, त्यामुळे एकाच शरीरात दोन माणसं राहतात. दारापाशी उभा आहे तो ऑफिसातला मार्क. जेमा त्याची बायको नाही. ती ज्याची बायको आहे, त्याला हा कधी भेटलेलाही नाही. भेट म्हणाल तर कॅमेऱ्यावर एकमेकांसाठी निरोप रेकॉर्ड करून झालेली तेवढी. ती पुन्हा बघा, शेवट तिथेच ठरलाय. बाहेरचा मार्क मोठ्या समजुतीनं सांगतो की दोघं एकत्र होऊ, तुझं काही जाणार नाही. आतला विचारतो, तुझी इतक्या वर्षांची आयुष्यभराची आठवण आणि माझी जेमतेम दोन वर्षांची, मग एकत्र झाल्यावर उरणार कोण? आणि मग बाहेरचा मार्क हेलीचं नाव ‘हेलेनी’ असं घेतो. ज्या मुलीवर आतल्याचा जीव आहे, तिचं नावसुद्धा याला धड माहीत नाही. त्यानंतर आतल्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते संशयाच्या पलीकडचं आहे. वाटाघाट तिथेच मोडली.

म्हणून ‘निर्दयी’ हा शब्द बसत नाही. आतला मार्क स्वतःचा जीव वाचवतोय. तुमच्या कट्ट्यानं भांडावं ते दुसऱ्या गोष्टीवर. दाराबाहेर आली तरी जेमा कंपनीच्याच इमारतीच्या जिन्यात आहे. तिथून ती सुटते कशी? हे उघडं ठेवायला हरकत नव्हती, पण पहिल्या सीझनचा शेवट ८ एप्रिल २०२२ ला आणि दुसऱ्याची सुरुवात १७ जानेवारी २०२५ ला, असा अनुभव असताना प्रेक्षकाला पुन्हा जिन्यात उभं करणं म्हणजे जरा जास्तच झालं. मधल्या ३३ महिन्यांत अख्खा अधिक श्रावण येऊन गेला. आणि बँडपथकाचा प्रसंग सुंदर असला तरी तो लांबला, हे आमचं मत.

प्रश्न: शेवटच्या भागावर मत लिहून पाठवायचंय. कसं लिहिलं तर छापता? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर: दोनदा बघून लिहा. पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा वही घेऊन. वहीत मालिकेचा नियम, तो कुठल्या भागात सांगितला त्याचा क्रमांक, आणि शेवटी तो कुठल्या मिनिटाला वापरला किंवा मोडला, एवढं टिपा. मग तक्रार कुठल्या जातीची आहे ते ठरवा. उत्तर दिलंच नाही, उशिरा दिलं, चुकीचं दिलं, की दिलं पण तुम्हाला रुचलं नाही? येणाऱ्या पत्रांत शेवटची जात सगळ्यात जास्त असते आणि ती हमखास पहिल्या तीनांपैकी एकीचा आव आणते. नायिका आवडता गडी सोडून दुसऱ्याकडे गेली, ही पटकथेतली चूक होत नाही.

‘प्लॉट होल’ म्हणण्याआधी तो संवाद सबटायटल लावून पुन्हा ऐका. निम्म्या चुका मोबाईलकडे बघत असताना सुटलेल्या वाक्यात सापडतात. मूळ कादंबरीत वेगळं होतं, एवढ्यावर शेवट वाईट ठरत नाही. बदलामुळे मालिकेतलं काय लंगडं पडलं ते दाखवा. शास्त्रीय आक्षेप असेल, तर आकडा द्या. ‘असं होऊच शकत नाही’ या वाक्यासाठी आमच्याकडे जागा नाही.

प्रश्न: ‘एक्स्पान्स’च्या शेवटच्या सीझनमध्ये दर भागाच्या सुरुवातीला लॅकोनिया ग्रहावरची मुलगी आणि ते विचित्र कुत्रे दाखवले, मग सोडून का दिले? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: कारण मूळ कादंबरीमालिका नऊ पुस्तकांची आहे आणि सहावा सीझन साधारण सहाव्या पुस्तकापाशी थांबतो. त्यानंतर कथा सुमारे तीस वर्षं पुढे उडी घेते. लॅकोनियाचं बी त्या पुढच्या भागासाठी पेरलंय, आणि सीझन होता अवघ्या सहा भागांचा. त्यातला इतका वेळ न फेडता येणाऱ्या उधारीवर खर्च केला, ही तक्रार रास्त आहे.

मुख्य कथेचा शेवट मात्र नियमाच्या कसोटीवर अव्वल. दूरच्या ग्रहमालांकडे नेणाऱ्या अवकाशातल्या दारांमधून एका वेळी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वस्तुमान आणि ऊर्जा गेली की जहाजं नाहीशी होतात. पाचव्या सीझनच्या शेवटी ‘बार्कीथ’ हे जहाज असंच गिळलं जातं, सहाव्यात नायकांच्या चमूतली नेओमी त्याचं गणित मांडते, आणि खलनायक इनारोसचा ताफा त्याच गणितावर संपतो. नवीन हत्यार नाही, दैवी योगायोग नाही. प्रवासाचे हिशेबही या मालिकेत बसतात: अर्धा रस्ता वेग वाढवायचा, यान उलटं फिरवायचं, उरलेला अर्धा कमी करायचा. ०.३ गुरुत्वानं साडेसात कोटी किलोमीटर गेलात, तर पावणेचार दिवस लागतील. कॅल्क्युलेटर घेऊन बघण्यासारखी मालिका आहे.

प्रश्न: शेवटचा भाग आला की आम्ही दहा-बारा जण एकत्र बघतो. दर वेळी काही तरी बिघडतं: अंधारातलं दिसत नाही, बोललेलं कळत नाही, मागच्या वेळी वीजच गेली. सोसायटीच्या हॉलमध्ये करावं का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: हॉल नको. ओटीटीची वर्गणी घरगुती बघण्यापुरती असते. फलकावर सूचना लावून, वर्गणी काढून दाखवणं त्यात बसत नाही. घरीच बसा.

वेळ आधी ठरवा. नेटफ्लिक्सचे बहुतेक भाग कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री येतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला आणि नोव्हेंबर ते मार्च दीडला, कारण तिथे घड्याळ तासभर मागे जातं. गुरुवार असला, तर महावितरणच्या देखभालीची सूचना आदल्या दिवशी बघून ठेवा. टीव्ही आणि राउटर मिळून दोनशे वॉट धरले, तरी १५० एएचच्या बॅटरीवर इन्व्हर्टर चार-पाच तास सहज काढतो. पण घरात सगळं चालू राहूनही नेट जातं, ते इमारतीतल्या केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप नसल्यामुळे. त्याला आधी विचारा, नाहीतर मोबाईलच्या हॉटस्पॉटची तयारी ठेवा. एचडीला तासाला सुमारे तीन जीबी लागतात, फोर-केला सातपर्यंत. टॅबवर डाऊनलोड करून टीव्हीवर कास्ट करू असं म्हणाल, तर ॲप त्या वेळी पुन्हा इंटरनेट मागतं.

अंधाराचं कारण बहुधा ‘इको मोड’ आणि खोलीतला उजेड. इको मोड आणि उजेड मोजणारा सेन्सर बंद करा, जाड पडदे ओढा, पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ ठेवा. ‘ऑटो मोशन प्लस’, ‘ट्रूमोशन’, ‘मोशनफ्लो’ यांतलं जे तुमच्या टीव्हीवर असेल ते बंद, नाहीतर अवकाशयुद्ध दुपारच्या घरगुती मालिकेसारखं दिसतं. ब्राइटनेस वाढवत सुटू नका. काळा रंग करडा होतो आणि तपशील तरीही दिसत नाही.

संवाद दबतात ते सहा स्पीकरांसाठी बनवलेला ५.१ चा आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबल्यामुळे. ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत ५.१ न लिहिलेला पर्याय निवडा, टीव्हीत आउटपुट ‘पीसीएम’ किंवा स्टिरिओ करा. जर्मन किंवा कोरियन मालिका असेल, तर मूळ भाषेचा आवाज आणि साधं इंग्रजी सबटायटल घ्या, ‘सीसी’ लिहिलेलं नको. ते बहुतेक वेळा इंग्रजी डबिंगवरून केलेलं असतं, त्यामुळे पात्र बोलतं एक आणि खाली उमटतं दुसरंच.